मार्सेलिस : शहर आणि किनारा



मार्सेलिस हे नाव ज्याच्या कानावरून गेलेले नाही असा माणूस ह्या सभागृहात सापडणे कठीण. फ्रान्समधली दुसरी दहा शहरे आपल्याला सांगता येणार नाहीत, पण हे एक येते, आणि ते एका उडीमुळे येते. ८ जुलै १९१० ची ती सकाळ आपण शाळेच्या पुस्तकांत वाचली, व्याख्यानांत आणि पोवाड्यांत ऐकली. त्याचा परिणाम असा झाला की मार्सेलिस म्हणजे आपल्या मनात शहर नसून नुसता समुद्राचा एक तुकडा आहे. त्या समुद्राला काठ आहे, काठावर सव्वीसशे वर्षांचे जुने गाव आहे, त्यात आज साडेआठ लाखांहून अधिक माणसे नांदतात, आणि गावाची वेस ओलांडली की युरोपातला एक विलक्षण खडकाळ किनारा सुरू होतो, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. आज मी त्या काठाविषयी बोलणार आहे.

आम्ही उभयता तेथे नऊ दिवस होतो. आमचे यजमान पाटबंधारे खात्यात होते. कोणतीही गोष्ट मोजल्याशिवाय ती पाहिली असे त्यांना वाटत नाही. मी भूगोल शिकवला, त्यामुळे चांगला दगड दिसला की माझे पाय थांबतात. अशा दोघांचा प्रवास फार वेगाने होत नाही हे आपल्या लक्षात आलेच असेल. तेथील लोक आपल्या गावाला 'मार्सेय' म्हणतात. पण तीन पिढ्या आपल्या तोंडी 'मार्सेलिस' बसले आहे, तेव्हा मी तेच म्हणेन.

हे गाव वसले त्याची जी कथा सांगतात ती आपल्याला ऐकताक्षणी ओळखीची वाटेल. इसवी सनापूर्वी सुमारे सहाशे वर्षे, आज तुर्कस्तानात मोडणाऱ्या फोकिया नावाच्या ग्रीक नगरातून काही दर्यावर्दी ह्या खाडीत शिरले. त्या दिवशी तेथील स्थानिक राजाच्या घरी मुलीचे लग्न ठरायचे होते. रीत अशी होती की जमलेल्या मंडळींतून मुलीने ज्याच्या हाती पेला द्यावा तो वर. राजाने ह्या परक्या पाहुण्यांनाही बसवून घेतले. राजकन्या जिप्टिस पेला घेऊन आली, आपल्या जमातीच्या तरुणांपुढून सरळ निघून गेली आणि तिने तो प्रोटिस नावाच्या ग्रीकाच्या हाती दिला. राजाने जावयाला खाडीकाठची जमीन दिली. तिच्यावर मस्सालिया उभे राहिले, तेच मार्सेलिस. स्वयंवर म्हणजे केवळ आपल्याकडची चाल असे आम्ही धरून चाललो होतो! कथा खरी की खोटी हा वेगळा प्रश्न. पण ग्रीक बंदर मात्र खरे आहे. १९६७ साली बाजारपेठेच्या इमारतीसाठी पाया खणत असता त्या बंदराचे दगडी धक्के आणि तटबंदी जमिनीतून वर आली. आज ती दुकानांच्या मधोमध एका बागेत उघडी ठेवलेली आहेत. समुद्र तेथून मागे सरला आहे, आणि जेथे गलबते लागत तेथे आता गवत वाढते.

जुने बंदर म्हणजे गावाचे अंगण. तीन बाजूंना घरे, चौथ्या बाजूने समुद्र आत येतो. सकाळी कोळी आपल्या होड्या धक्क्याला लावून तेथेच फळ्यांवर मासळी मांडतात. घासाघीस, थट्टा, ओरडा, सगळे आपल्या बाजारासारखे, भाषा तेवढी निराळी. बंदराच्या तोंडाशी दोन किल्ले आहेत. त्यांपैकी दक्षिणेकडचा, सेंट निकोलसचा, चौदाव्या लुईने १६६० नंतर बांधला. समुद्रावरचा किल्ला म्हटला की तोफांची तोंडे समुद्राकडे असावीत अशी आपली समजूत. ह्या किल्ल्याच्या तोफा रोखल्या होत्या गावावर. मार्सेलिसकर राजाचे ऐकत नसत, म्हणून राजा १६६० साली गावाचा तट फोडून आत शिरला आणि जाताना हा पहारा ठेवून गेला. फ्रान्सचे राष्ट्रगीत ह्याच गावाच्या नावाने ओळखले जाते, हेही ह्या स्वभावाला धरूनच आहे. खरे तर ते गीत १७९२ साली दूर उत्तरेला स्ट्रासबुर्ग येथे रचले गेले. पण मार्सेलिसचे पाचेकशे स्वयंसेवक ते गात गात पॅरिसला पोहोचले, आणि पॅरिसकरांनी ज्यांच्या तोंडून ऐकले त्यांचेच नाव त्याला दिले.

बंदराच्या उत्तर अंगाला उभे राहून पाहिले की एक गोष्ट खटकते. नगरपालिकेची सतराव्या शतकातली देखणी इमारत मध्ये, आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकसारख्या, नव्या धाटणीच्या चाळवजा इमारती. जुने गाव गेले कोठे? ते १९४३ च्या फेब्रुवारीत सुरुंग लावून उडवून दिले गेले. जर्मन सैन्याला ते अरुंद बोळ नको होते, कारण त्यांत लपता येत असे. जानेवारीत सुमारे वीस हजार माणसांना घराबाहेर काढले, त्यांतून शेकडो ज्यूंना वेचून मृत्यूच्या छावण्यांकडे धाडले, आणि मग दीड हजारांच्या आसपास घरे पाडली. माणसे बाहेर काढण्याच्या कामाला फ्रेंच पोलीस होते, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. पुढच्याच प्रकरणात आपल्याला फ्रेंच पोलीस पुन्हा भेटायचे आहेत.

त्या प्रकरणाकडे वळतो. जुन्या बंदराच्या उत्तरेला, टेकडीच्या पलीकडे, ज्योलिएत नावाची नवी गोदी आहे. आगबोटी मोठ्या झाल्या, त्यांना जुने बंदर पुरेना, म्हणून १८४४ पासून समुद्रात लांबच लांब बांध घालून ह्या गोद्या बांधल्या. सुवेझचा कालवा १८६९ साली खुला झाल्यावर मुंबईच्या बोटी येथे लागू लागल्या. इंग्लंडला जाणारे घाईचे प्रवासी येथे उतरून आगगाडी धरीत आणि बिस्केच्या उपसागरातले हेलकावे चुकवीत. गोदीतील जुन्या गुदामांची इमारत अजून उभी आहे. लांबी ३६५ मीटर. वर्षाचे जेवढे दिवस तेवढे मीटर! यजमानांनी ती पावलांनी मोजली आणि ती बरोबर भरल्याचा आनंद त्यांना दिवसभर पुरला. आत आता दुकाने आणि कचेऱ्या आहेत.

'मोरिया' बोट ७ जुलै १९१० च्या संध्याकाळी मार्सेलिसला आली. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर पकडलेले सावरकर तिच्यावर बंदिवान होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या सुमारास ते शौचकूपाच्या गोल खिडकीतून बाहेर पडले, पोहत धक्क्याला लागले, वर चढले आणि धावू लागले. आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र असते त्यात चोहोकडे अथांग सागर असतो आणि क्षितिजावर बोट असते. ज्योलिएतच्या कठड्याशी उभे राहिले की ते चित्र राहत नाही. समोर असतो बांधांनी बंदिस्त केलेला पाण्याचा चौकोन, आणि बोटी उभ्या असतात त्या धक्क्यालगत. यजमान बराच वेळ नजरेने अंतरे घेत होते. मग म्हणाले, "पोहणं फारसं नाही गं हे. कठीण आहे ते वर चढणं. आणि चढल्यावर कुठं जायचं ते."

मला हे बोलणे फार मोलाचे वाटले. पोहण्याचे अंतर वाढवून सांगितले की पराक्रम वाढतो असे आपल्याला वाटते, पण त्याने त्या कृत्याचा मुद्दाच झाकला जातो. ती उडी समुद्रात नव्हती. ती जमिनीवर होती. त्या तरुण बॅरिस्टराचा हिशेब कायद्याचा होता. फ्रान्सच्या भूमीला पाय लागला की इंग्रज शिपायाला आपल्या अंगाला हात लावण्याचा अधिकार उरत नाही, आणि लावलाच तर तो दोन राष्ट्रांमधला प्रश्न होतो. पहिला भाग फसला. किनाऱ्यावरच्या फ्रेंच पोलीस जमादाराने त्यांना पकडले, बोटीवरून उतरलेल्या तिघांनी त्याला हात दिला आणि त्यांना परत बोटीवर नेले. तो जमादार त्यांना बोटीवरचा कोणी गुन्हेगार खलाशी समजला होता. ९ जुलैला बोट निघून गेली. पण हिशेबाचा दुसरा भाग खरा ठरला. फ्रान्समध्ये 'ल्युमानिते' ह्या समाजवादी पत्राने प्रश्न उचलला, सरकारला तो टाळता येईना, आणि अखेर फ्रान्स व ब्रिटन ही दोन साम्राज्ये एका हिंदी कैद्यापायी हेगच्या लवादापुढे उभी राहिली. लवादाने २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल दिला. कैद्याला पकडून इंग्रजांच्या स्वाधीन करण्यात गैररीत झाली हे खरे. पण जमादाराला फसवले नाही, कोणी बळजबरी केली नाही, तेव्हा कैदी परत देण्याचे बंधन ब्रिटनवर येत नाही! चूक मान्य, परिमार्जन नाही, असा हा न्याय. तोवर मुंबईत जन्मठेपेच्या दोन्ही शिक्षा सुनावून झाल्या होत्या. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या ग्रंथांत हा खटला आजही 'सावरकर प्रकरण' ह्याच नावाने शिकवतात.

किनाऱ्याला पाय लागणे म्हणजे काय, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या डोक्यात राहिला, आणि पुढे जेथे जेथे गेलो तेथे तेथे तो निरनिराळ्या रूपांत भेटत गेला.

जुन्या बंदरातून लहान बोटी किनाऱ्याकिनाऱ्याने फिरवून आणतात. पहिले बेट लागते इफचे. त्यावरचा तुरुंग अलेक्झांडर द्यूमाच्या 'माँटे ख्रिस्तो'मुळे जगाला ठाऊक झाला. त्या कादंबरीचा नायक जेथे चौदा वर्षे होता ती कोठडी प्रवाशांना दाखवतात. जो माणूस कधी जन्मलाच नाही त्याची कोठडी पाहायला रांग, आणि आमच्या बंदिवानाची गोदी शोधायला आम्हाला नकाशा पसरून बसावे लागले! पण इफचा आपल्याशी आणखी जुना संबंध आहे. गुजरातच्या मुजफ्फरशहाने पोर्तुगीजांना एक जिवंत गेंडा नजर केला. तो १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून गलबतावर चढला आणि मे महिन्यात लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपने गेंडा पाहिलाच नव्हता. पोर्तुगालच्या राजाने तो पोपला पाठवला. वाटेत गलबत मार्सेलिससमोरच्या ह्या बेटाशी थांबले आणि १५१६ च्या आरंभी फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस खास त्याला पाहायला आला. पुढे इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात गलबत बुडाले, आणि साखळदंडाने बांधलेला तो प्राणीही बुडाला. जर्मन चित्रकार ड्यूररने त्याला कधीही न पाहता, वर्णनावरून काढलेले त्याचे चित्र मात्र अमर झाले.

बोट पुढे गेली की झाडझाडोरा नसलेले एक पांढरे, ओसाड बेट दिसते, त्याचे नाव जार. १७२० च्या मे महिन्यात पूर्वेकडून कापडाने भरलेले 'ग्रां सेंट आंत्वान' हे गलबत मार्सेलिसला आले. वाटेतच त्यावरची माणसे प्लेगने मेली होती. नियम असा होता की अशा गलबतातला माल दूरच्या बेटावर कित्येक दिवस ठेवायचा. पण ब्यूकेरची मोठी जत्रा तोंडावर होती, माल लाखमोलाचा होता, आणि त्यात गावच्या एका पुढाऱ्याचीच भागी होती. माल लवकर उतरला. नव्वद हजारांच्या गावात चाळीस हजारांच्या आसपास माणसे मेली. मग गलबत ह्या जार बेटाशी नेऊन जाळले. त्याचा सांगाडा १९७८ साली पाणबुड्यांना सापडला. एका माणसाला किनाऱ्यावर येऊ दिले नाही आणि एका कापडाच्या गाठोड्याला येऊ दिले. दोन्ही निर्णय करणारी माणसे आपल्या परीने व्यवहारीच होती.

आता गाव सोडून खडकाकडे जाऊ. एक साधी सरकारी बस गावातून निघून दक्षिणेला ल्युमिनीच्या विद्यापीठापर्यंत जाते. ह्या एका बसच्या रस्त्यात तीन गोष्टी अशा आहेत की तिकिटाचे पैसे तिपटीने वसूल व्हावेत. आधी उजव्या हाताला ल कॉर्ब्युझिएने १९५२ साली पुरी केलेली प्रचंड वसाहत दिसते. उघड्या काँक्रीटच्या जाड खांबांवर उभे केलेले जणू एक गावच! चंडीगड ज्याने रेखाटले तोच हा शिल्पी. २०१६ साली ही इमारत आणि चंडीगडची राजधानी-संकुलाची वास्तू एकाच यादीने जागतिक वारसा ठरल्या. यजमानांनी काँक्रीटवर हात फिरवून पाहिला आणि "फळ्यांचे ठसे तसेच ठेवलेत," असे समाधानाने म्हणाले.

नंतर येते माझार्ग. तेथे युद्धात पडलेल्यांची स्मशानभूमी आहे. १९१४ च्या सप्टेंबरअखेर हिंदी फौजेची पहिली तुकडी मार्सेलिसच्या गोदीत उतरली. लाहोर डिव्हिजन. लोकांनी तिच्यावर फुले उधळली. त्या डिव्हिजनमध्ये आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्सच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्या होत्या. महिन्याभरात, २८ ऑक्टोबरला, उत्तरेत न्यव्ह शापेल येथे ह्या दोन कंपन्यांना सुरुंग आणि खंदक बाजूला ठेवून बंदुका घेऊन धावावे लागले, आणि त्यांची अतोनात हानी झाली. मार्सेलिस हे हिंदी फौजेचे ठाणे होते, येथे इस्पितळे होती. जे येथे गेले ते माझार्गला आहेत. पुरलेल्यांच्या शिळा आहेत, दहन केलेल्यांची नावे मागच्या बाजूच्या भारतीय स्मारकावर आहेत. ते स्मारक १९२५ च्या जुलैत उघडले. आवार फार स्वच्छ आहे. शिळांवर देवनागरी आणि उर्दू लिपीत अक्षरे दिसली की पाय अडखळतो. २०२५ च्या फेब्रुवारीत भारताचे पंतप्रधान आणि फ्रान्सचे अध्यक्ष येथे येऊन गेले, आणि त्याच भेटीत मार्सेलिसमध्ये भारताचा वाणिज्य दूतावास उघडला. सावरकरांना ह्या किनाऱ्यावर पाय ठेवू दिला नाही, आणि चारच वर्षांनी त्याच सरकारांनी त्यांच्या हजारो देशबांधवांना तेथे वाजतगाजत उतरवून घेतले. यजमान शिळा मोजायला निघाले होते. अर्ध्यावरून परत आले आणि काही बोलले नाहीत.

ल्युमिनीला बस संपते, आणि पाइनच्या झाडांतून पायवाट सुरू होते. पाऊण तासात माणूस अशा जागी येतो की शहर आपल्या पाठीशी आहे ह्यावर विश्वास बसू नये. पायाखाली शुभ्र चुनखडीचा कडा, आणि खाली दोन भिंतींच्या मध्ये शिरलेली निळी-हिरवी खाडी. ह्या खाड्यांना तेथे 'कालांक' म्हणतात. मार्सेलिसपासून कासी गावापर्यंत वीसेक किलोमीटर त्या एकामागून एक लागतात. समुद्रातून सरळ उठलेले डोंगर साडेपाचशे मीटरांपर्यंत जातात. आपल्या सह्याद्रीचा दगड काळा, ज्वालामुखीच्या पोटातून आलेला. हा दगड पांढरा, समुद्रातल्या जीवांच्या कवचांपासून झालेला. मुलांना शिकवताना फळ्यावर खडूने मी चुनखडीची चित्रे काढीत असे. येथे अख्खा डोंगरच खडूचा भाऊबंद!

कालांक झाले कसे ते थोडक्यात सांगते. वीस हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवर बर्फाचा अंमल होता. पाणी बर्फात अडकलेले, त्यामुळे समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. त्या काळी ह्या खडकांतून ओढ्यांनी खोल घळी कापलेल्या होत्या आणि समुद्र कित्येक किलोमीटर दूर होता. बर्फ वितळले, समुद्र चढला, घळींत शिरला. कालांक म्हणजे बुडालेली दरी. पाऊस पडला तरी चुनखडी तो पिऊन टाकते, म्हणून वर थेंबभर पाणी मिळत नाही. पिण्याचे पाणी खांद्यावर वाहून न्यावे लागते. पण हे प्यालेले पाणी जाते कोठे? कासीजवळ पोर्-मिऊच्या कालांकात, समुद्राच्या पृष्ठभागाखाली, एक भुयारी नदी बाहेर पडते. पाणबुडे तिच्यात दोनशे मीटरांहून खोल गेले आहेत आणि अजून तिचा तळ लागलेला नाही. हे ऐकून यजमानांचे डोळे चमकले. चाळीस वर्षे पाणी अडवण्यात घालवलेल्या माणसाला अशी न दिसणारी नदी म्हणजे मेजवानीच.

स्युजितों नावाच्या कालांकाच्या वाटेवर आम्हाला एका तरुण मुलीने अडवले. अंगावर राष्ट्रीय उद्यानाचा गणवेश. तिने नावे विचारली, यादीत पाहिली, आणि हसून वाट मोकळी केली. २०२२ पासून उन्हाळ्याच्या गर्दीच्या दिवसांत तेथे दिवसाला फक्त ४०० माणसांना उतरू देतात. आधी नाव नोंदवावे लागते, पैसे पडत नाहीत. त्यापूर्वी एका दिवसात अडीच हजारांपर्यंत माणसे येत. एवढ्या पायांनी माती निघून गेली, पाइनची मुळे उघडी पडली, आणि नवे रोप जगेना. कोणी फळे ओरबाडली नाहीत, झाडे तोडली नाहीत. माणसे नुसती चालली. मी त्या मुलीला विचारले, लोक चिडत नाहीत का? तिने सांगितले, पहिल्या वर्षी चिडले. "आमच्या बापजाद्यांची खाडी, आणि आम्ही नाव नोंदवायचं?" असे म्हणायचे. मला त्या चिडण्यात तथ्य वाटते. गाव गरीब आहे, उन्हाळ्यात घरे तापतात, आणि पोहायला फुकट जागा हीच. तरी ४०० चा आकडा मला पटतो, कारण तो आकडा पाहुण्याला आणि गावकऱ्याला सारखाच लागू आहे.

पुढले दोन दिवस आम्ही कासीला काढले. ह्या नावाच्या शेवटी एक 'स' लिहितात, पण तेथले लोक तो उच्चारत नाहीत. त्यामुळे मार्सेलिसहून आम्ही दोघे उतारवयात काशीला गेलो असे म्हणायला हरकत नाही! लहानसे बंदर, रंगीत होड्या, आणि पूर्वेला कॅप कनाय हा ३९४ मीटरांचा कडा. हा मात्र पांढरा नव्हे, गेरूच्या रंगाचा. एका गावच्या एका हाताला पांढरा डोंगर आणि दुसऱ्या हाताला तांबडा. मी अर्धा दिवस नुसती बसून राहिले. दुसऱ्या दिवशी पोर्-मिऊ, पोर्-पँ आणि आँ-व्हो असे तीन कालांक पायी केले. शेवटचा उतार इतका तीव्र की यजमान म्हणाले, "तू बस इथंच, मी पाहून येतो आणि सांगतो." मी म्हटले, "अहो, सांगण्यासारखं असतं तर आपण पुण्यातच बसलो असतो." आणि आम्ही दोघेही बसतबसत उतरलो. खाली गोट्यांचा इवलासा किनारा, दोन्ही बाजूंना सुळके, आणि पाणी इतके नितळ की होडी हवेत टांगल्यासारखी दिसावी. उत्तरेचा मिस्त्राल वारा वाहिला की वरचे पाणी समुद्रात ढकलले जाते आणि खालचे थंड पाणी वर येते. भर उन्हाळ्यातही पाय घातला की कळ जाते!

पोर्-मिऊच्या एका बाजूला कड्याला पायऱ्या-पायऱ्यांनी कापून काढलेले दिसते. ती जुनी दगडखाण. हा सगळा किनारा असाच कापला जायचा होता. १९१० च्या मार्च महिन्यात, म्हणजे सावरकरांना लंडनमध्ये अटक झाली त्याच महिन्यात, मार्सेलिसमधल्या डोंगर भटकणाऱ्या मंडळींच्या हाकेला ओ देऊन गावची माणसे ह्या खाणीविरुद्ध पोर्-मिऊला जमली. त्या काळी पर्यावरण हा शब्दही कोणाच्या तोंडी नव्हता. रविवारी डोंगरात फिरायला जाणारे कारकून, दुकानदार, कामगार यांना एवढेच म्हणायचे होते की हा खडक आम्ही पायाने हिंडलो आहोत, म्हणून ह्याच्यावर आमचा काही हक्क आहे. मालकी हक्काचा कागद त्यांच्यापाशी नव्हता. पुढे राष्ट्रीय उद्यान झाले ते २०१२ साली. शंभर वर्षे गेली. पण त्या शंभर वर्षांत किनारा उभा राहिला, हेही खरे.

येथे थांबले तर गोष्ट फार गोड होईल, म्हणून उरलेले सांगते. कासीसमोरच्या समुद्रात सातेक किलोमीटरांवर एक खोल दरी आहे. गार्दानच्या ॲल्युमिना कारखान्यातला तांबडा गाळ १९६० नंतरच्या दशकापासून नळाने त्या दरीत, तीनशे मीटरांहून खोल, सोडला जात असे. तो २०१५ च्या अखेरीस थांबला. तोवर दोन कोटी टनांहून अधिक गाळ तळाशी गेला होता. विरोध आरंभापासून झाला, कोळ्यांनीही केला. पण कारखान्यावर शेकडो घरे जगत होती, आणि गाळ डोळ्यांना दिसत नव्हता. कड्याला खाणीने चावा घेतला तर गावाला दिसतो. समुद्राच्या तळावर कोण रविवारचे फिरायला जातो? कासीच्या धक्क्यावर बसून निळ्याशार पाण्याकडे पाहताना ही गोष्ट कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. आम्हाला जुन्या कोळ्याने सांगितली, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसती दमणूक होती.

ह्याच किनाऱ्यावर मोर्जियूच्या टोकाखाली एक गुहा आहे. तिचे तोंड समुद्राखाली ३७ मीटरांवर आहे. आँरी कोस्केर नावाच्या कासीच्या पाणबुड्याला ती १९८५ साली सापडली. शंभर मीटरांहून लांब, अंधाऱ्या, वर चढत जाणाऱ्या भुयारातून तो आत गेला, आणि शेवटी पाण्यावर डोके काढले तेव्हा कोरड्या दालनात होता. भिंतींवर घोडे, रानगवे, सील, आणि आता पृथ्वीवरून नाहीसे झालेले मोठे ऑक पक्षी. शिवाय माणसांच्या हातांचे ठसे. १९९१ साली त्या भुयारात तीन पाणबुडे वाट चुकून मेले, आणि त्यानंतर त्याने गुहा जाहीर केली. सर्वांत जुनी चित्रे तीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची आहेत. ती काढणारी माणसे पायी चालत आत गेली होती, कारण तेव्हा समुद्र तेथे नव्हताच. गुहेचा पाचांपैकी चार हिस्से भाग बुडून गेला आहे. उरलेल्या भागातही पाणी चढते आहे, कारण समुद्र पुन्हा वर येतो आहे, आणि ह्या वेळी तो माणसाच्या कृतीने येतो आहे. घोड्यांच्या एका चित्राचे पाय पाण्याला लागले आहेत.

खऱ्या गुहेत कोणाला जाता येत नाही. म्हणून तिची हुबेहूब प्रतिकृती २०२२ च्या जूनमध्ये मार्सेलिसला, सेंट जॉनच्या किल्ल्याजवळ, समुद्राच्या पातळीखालच्या दालनांत उभारली. शेवटच्या दिवशी आम्ही ती पाहिली. लहान गाडीत बसवून अंधारातून फिरवतात. हातांच्या ठशांशी गाडी जराशी रेंगाळते. भिंतीवर हात टेकून त्यावर तोंडाने रंग फुंकलेला, त्यामुळे हाताच्या जागी मोकळा दगड आणि भोवती रंग. काही हातांना बोटे पुरती नाहीत. तुटलेली की दुमडलेली यावर पंडितांचे वाद आहेत. यजमानांनी आपला पंजा हवेत धरून माप घेतले आणि हळूच म्हणाले, "बाईचा असावा. तुझ्याएवढा आहे."

बाहेर आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. समोर ज्योलिएतची गोदी, आणि तिच्या धक्क्यावरून कोर्सिकेची बोट सुटत होती. कठड्याशी मुले मासे धरीत बसली होती. बोट बांधाबाहेर पडेपर्यंत आम्ही पाहत उभे राहिलो.